गोळी सोडण्यापूर्वी : मधुमेहाची औषधे आणि त्यांचे त्रास

दिवाळीत सुरतेकडचे माग आणि भरतकामाची यंत्रे काही आठवडे थांबतात आणि कामगार आपापल्या गावी पांगतात. गेल्या दिवाळीत माझे चुलत दीर गावी जाण्याआधी चार दिवस आमच्याकडे फोंड्याला आले. ते कामरेजला राहतात. सुरत शहरापासून थोड्या अंतरावर, तापीकाठी, मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचे हे गाव. भोवती ऊस आणि आता कारखान्यांचे पत्रे. माझ्या सासरची माणसे मूळची खानदेशातली. भुसावळहून तापीच्या खोऱ्यातून सुरतेला जाणाऱ्या रेल्वेने त्या भागातली किती घरे तिकडे नेली, याची मोजदाद नाही.

अंगणात ते पाय धूत होते, तेव्हा उजव्या अंगठ्याखालची जखम दिसली. कडा पांढरट झालेली, मध्ये ओली.

"किती दिवस झाले, भाऊजी?"

"झाला असेल महिना-दीड महिना, वहिनी. चप्पल लागली होती. दुखत नाही."

दुखत नाही, हेच काळजीचे होते. चौकशी केली तेव्हा कळले की जूनमध्ये त्यांना मधुमेह निघाला होता. उपाशीपोटी साखर २१४. गोळी सुरू झाली आणि अकराव्या दिवशी त्यांनी ती सोडून दिली. घरी सांगितले नाही, डॉक्टरांकडेही परत गेले नाहीत. "गरम पडली मला ती," एवढेच त्यांचे म्हणणे.

औषधाच्या दुकानात सव्वीस वर्षे उभी असल्यामुळे हे वाक्य मला नवीन नाही. पहिल्या महिन्याची पट्टी घेऊन गेलेला माणूस दुसऱ्या महिन्यात येत नाही, तेव्हा बहुतेक वेळा कारण पैशाचे नसते. पोट बिघडलेले असते, चक्कर आलेली असते किंवा डोळ्यांसमोर धूसर झालेले असते. हे का होते, ते किती दिवस टिकेल, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. गोव्यात तर हा विषय घरोघरचा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण आढळले ते आपल्याच राज्यात : प्रौढांमध्ये २६.४ टक्के. देशाची सरासरी ११.४ टक्के होती. म्हणजे चार प्रौढांमागे एकाहून अधिक. त्यांतील प्रत्येकाच्या आयुष्यात ही पहिली पट्टी केव्हा ना केव्हा येते.

भाऊजींच्या पिशवीत ती जुनी पट्टी अजून होती. वाचून पाहिली, तर एका गोळीत दोन औषधे : मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. आपल्याकडे ही जोडगोळी फार चालते. सोयीची आहे, स्वस्त आहे, पण तिच्यामुळे एक घोटाळा होतो. दोन औषधांचे त्रास अगदी वेगळे, त्यांवरचे उपाय वेगळे आणि रुग्णाच्या लेखी मात्र ती 'शुगरची गोळी' एकच. भाऊजींना दोन्हींचे त्रास झाले होते. सकाळी सहाला, बारा तासांच्या पाळीला निघताना, नुसत्या चहावर ते गोळी घेत. दोन-तीन तासांत पोटात कळ येई. चाळीस माणसांत दोन संडास. त्यासाठी यंत्र थांबवले की मुकादमाचे बोलणे आणि पीसवर मिळणाऱ्या मजुरीत खोट. आणि दहाच्या सुमारास हात थरथरत, घाम फुटे, छातीत धडधडे. पहिला त्रास मेटफॉर्मिनचा होता, दुसरा ग्लिमेपिराइडचा. त्यांनी दोहोंना मिळून 'गरम' हे एक नाव दिले होते.

मेटफॉर्मिन हे जुने औषध. युरोपात गॅलेगा नावाची एक रानवनस्पती मधुमेहासारख्या लक्षणांवर पूर्वी वापरली जाई. तिच्यातील द्रव्याचा माग काढत रसायनशास्त्र या औषधापर्यंत आले. १९५७ साली पॅरिसमध्ये झाँ स्टर्न या वैद्यांनी माणसांवरील त्याचा उपयोग प्रसिद्ध केला. त्याच कुळातल्या फेनफॉर्मिनने मात्र नाव खराब केले. रक्तात लॅक्टिक आम्ल साचून रुग्ण दगावत, म्हणून सत्तरीच्या दशकात ते अमेरिकेतून मागे घेतले गेले आणि भारतात २००३ मध्ये त्यावर बंदी आली. मेटफॉर्मिनमध्ये तो धोका फारच कमी. १९९८ मध्ये ब्रिटनमधील दीर्घकालीन अभ्यासाचे निष्कर्ष आले, तेव्हा वजन जास्त असलेल्या मधुमेहींत या औषधाने हृदयविकाराचा झटका आणि मृत्यू यांचे प्रमाण घटल्याचे दिसले. 'मूत्रपिंड खराब करणारी गोळी' अशी जी तिची ख्याती आहे, ती उलटी समजूत आहे. मेटफॉर्मिन मूत्रपिंड बिघडवत नाही. मूत्रपिंड आधीच फार बिघडलेले असेल तर औषध शरीराबाहेर पडत नाही, म्हणून ते द्यायचे नसते. त्यासाठीच डॉक्टर सुरुवातीला आणि नंतर दरवर्षी क्रिएटिनिन तपासायला सांगतात.

पोट का बिघडते? हे औषध रक्तापेक्षा आतड्याच्या भिंतीत कितीतरी पटींनी अधिक साठते. तेथील हालचाल, पित्ताम्लांचे शोषण, जिवाणूंची वस्ती या साऱ्यांवर त्याचा परिणाम होतो. मळमळ, जुलाब, गुरगुर, तोंडाला धातूसारखी चव, असा काही ना काही त्रास साधारण चारांतील एकाला होतो. बहुतेकांचा दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. औषध कायमचे सोडावेच लागते असे लोक शंभरात पाचेक. भाऊजींनी अकराव्या दिवशी गोळी सोडली. आणखी दहा-पंधरा दिवस धीर धरला असता, तर कदाचित पोट आपोआप जुळवून घेते. पण दोन संडासांच्या कारखान्यात दहा-पंधरा दिवसही थोडे नाहीत. म्हणून 'सहन करा' एवढाच सल्ला देणे मला बरोबर वाटत नाही.

खरा उपाय सावकाश चढण्याचा आहे. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी, भरल्या पोटी, आठवडाभर. सोसली तर पुढची पायरी. गरज भासेल तसे डॉक्टर तीन-चार आठवड्यांत पूर्ण मात्रेला पोहोचतात. थेट हजारावर उडी मारली की पोट बंड करते. रिकाम्या पोटी तर नकोच, जेवणाच्या मध्ये किंवा जेवण संपताक्षणी घ्यावी. त्यानेही न भागल्यास सावकाश विरघळणारा प्रकार मागावा. पट्टीवर नावापुढे 'एसआर', 'ईआर' किंवा 'एक्सआर' अशी अक्षरे असतात ती हीच. ती चावून किंवा तोडून घ्यायची नसते. या गोळीचे रिकामे टरफल कधीकधी जसेच्या तसे शौचात दिसते. ते पाहून घाबरलेले, 'गोळी लागूच पडत नाही' म्हणत आलेले गिऱ्हाईक मला वर्षातून दोन-तीनदा भेटते. औषध आत उतरलेले असते, बाहेर पडते ते केवळ कवच.

पाळीवर काम करणाऱ्यांसाठी वेळेचा प्रश्न निराळा असतो. मुख्य जेवण रात्री होत असेल तर ही सावकाश विरघळणारी गोळी रात्रीच्या जेवणानंतर घेता येते आणि पोटाची कुरबुर झालीच तर ती घरी होते. डॉक्टरांना आपण साखरेचे आकडे सांगतो, पण कामाची वेळ, जेवणाची वेळ, संडासाची सोय या गोष्टी सांगत नाही. त्या सांगायला हव्यात. त्यांच्याकडे विचारायला वेळ नसतो हे खरे, तरी दोन वाक्ये ऐकायला असतो.

आता दुसरे औषध. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड ही एका कुळातली औषधे स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात आणि पोटात अन्न आहे की नाही याची वाट पाहत नाहीत. चहावर गोळी घेऊन चार तास उपाशी राहिले की साखर ७० च्या खाली जाऊ शकते. थरथर, दरदरून घाम, एकदम भूक, चिडचिड, जीभ जड होणे, बोलण्यात असंबद्धपणा ही तिची लक्षणे. हा त्रास सहन करायचा नसतो, तत्काळ दूर करायचा असतो. तीन चहाचे चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यात घालून प्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, न सुधारल्यास पुन्हा तेवढीच घ्यावी, मग काही खावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता सरळ रुग्णालय गाठावे.

येथे एक बारकावा आहे आणि तो पट्टीवर कोठेच लिहिलेला नसतो. आपल्याकडे दोनऐवजी तीन औषधे असलेल्या गोळ्याही खूप लिहिल्या जातात आणि त्यांतले तिसरे अनेकदा व्होग्लिबोज असते. पिष्टमय पदार्थ आणि साखर आतड्यात फुटून शोषली जाऊ नये, हेच त्याचे काम (पोटात वायू धरतो तोही त्यामुळेच). साहजिकच अशा रुग्णाची साखर उतरली, तर घरातली नेहमीची साखर किंवा गूळ चटकन कामाला येत नाही, कारण तो फुटण्याची वाटच औषधाने अडवलेली असते. त्याला ग्लुकोजच द्यावे लागते. गोळीच्या घटकांत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज हे नाव असेल तर खिशात खडीसाखरेची पुडी न ठेवता ग्लुकोजची पुडी ठेवावी.

भाऊजी माळकरी आहेत, एकादशी सोडत नाहीत. मांडोळी-चतुर्थी-सोमवार करणारी माणसे आपल्याकडेही कमी नाहीत. उपवासाच्या दिवशी ग्लिमेपिराइडसारखी गोळी नेहमीच्या मात्रेत घेऊन दिवसभर निरंकार राहणे धोक्याचे. साबुदाण्याची ताटली खाल्ली तर उलट साखर चढते. उपवास करू नका, असे मी कोणाला सांगत नाही. सांगून ऐकतही नाहीत. पण उपवासाच्या आधी डॉक्टरांना विचारून त्या दिवसाची मात्रा ठरवून घ्यावी. मद्याचेही तसेच. गुजरातेत निदान कागदोपत्री राज्य झाल्यापासून दारूबंदी आहे, आपल्याकडे नाही. रिकाम्या पोटी फेणी आणि त्यावर ही गोळी, म्हणजे रात्री झोपेत साखर उतरण्याची सोय. तोंडाला वास येत असल्यामुळे भोवतालची माणसेही 'चढली आहे' म्हणून स्वस्थ बसतात.

साखर उतरल्यासारखे वाटणे आणि ती खरोखर उतरणे यांतही फरक आहे. महिनोन् महिने तीनशेच्या घरात राहिलेल्या शरीराला ती पातळी अंगवळणी पडलेली असते. औषधाने साखर १३०-१४० वर आली की ते घाबरते आणि थरथर, घाम, अशक्तपणा अशी तीच लक्षणे दाखवते. अशा वेळी घरच्या यंत्रावर बोटाचा थेंब पाहावा. आकडा चांगला असेल तर थोडे खाऊन शांत बसावे. काही आठवड्यांत शरीराला नवी पातळी रुळते. यंत्र नसेल तर मात्र शंका घेत बसू नये, साखर उतरली आहे असेच धरून ग्लुकोज घ्यावे.

डोळ्यांचे प्रकरण असेच चकवणारे. साखर झपाट्याने खाली येऊ लागली की डोळ्यातल्या भिंगातील पाण्याचे प्रमाण बदलते आणि नजर धूसर होते. रुग्णाला वाटते, गोळीने डोळे गेले. तो घाईने चष्मा करून घेतो आणि दोन महिन्यांनी तो चष्मा निरुपयोगी होतो. साखर स्थिरावेपर्यंत, साधारण दीड-दोन महिने, नवा नंबर काढू नये. पडद्याची तपासणी मात्र निदान झाल्याबरोबर करून घ्यावी, ती वेगळी गोष्ट. आणि एका डोळ्याने एकाएकी दिसेनासे होणे किंवा काळे ठिपके, पडदा दिसणे हा औषधाचा त्रास नव्हे. त्यासाठी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

अलीकडे पहिल्या पट्टीत डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधेही येऊ लागली आहेत. २०२० च्या अखेरीस त्याचे एकाधिकार संपले आणि किंमत सामान्यांच्या आवाक्यात आली. ही औषधे साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. हृदय आणि मूत्रपिंड यांना त्यांचा चांगला आधार मिळतो. पण साखर जाते त्या वाटेवर बुरशीचा संसर्ग होण्याची शक्यता वाढते. खाज, लाली, पांढरा स्राव याबद्दल स्त्रिया बोलत नाहीत, पुरुष तर त्याहून नाहीत. दुकानात येऊन हळूच मलम मागतात. प्रत्येक वेळी लघवीनंतर पाण्याने स्वच्छ करून कोरडे ठेवणे, पुरेसे पाणी पिणे आणि संसर्ग झाल्यास सांगणे, एवढ्याने बहुतेकांचे निभते. याच औषधांचा एक दुर्मीळ पण गंभीर धोका आहे. उपाशी राहणे, सततच्या उलट्या, शस्त्रक्रिया अशा वेळी रक्तात आम्लद्रव्ये साचू शकतात आणि तेव्हा साखरेचा आकडा फारसा वाढलेलाही नसतो. मळमळ, पोटदुखी, धाप लागत असेल तर 'साखर ठीक आहे' या समाधानावर घरी थांबू नये. ठरलेल्या शस्त्रक्रियेच्या काही दिवस आधी हे औषध थांबवावे लागते, म्हणून शल्यविशारदांना ते घेत असल्याचे आठवणीने सांगावे.

ताप, जुलाब किंवा उलट्यांनी अंगातले पाणी गेले आणि जेवण बंद पडले, तर मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन बरे वाटेपर्यंत तात्पुरते थांबवण्याचा सल्ला सामान्यतः दिला जातो. अन्न पोटात जात नसेल तर ग्लिमेपिराइडच्या मात्रेबद्दलही त्याच दिवशी विचारावे. इन्सुलिन मात्र कधीही आपल्या मनाने बंद करू नये. आजारी पडण्याची वाट न पाहता हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारून, उत्तर कागदावर लिहून घेतलेले बरे.

राहता राहिला तो त्रास, जो सुरुवातीला दिसतच नाही. वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ब-१२ जीवनसत्त्वाचे शोषण मंदावते. तळपायांना मुंग्या, चालताना गादीवर पाय पडल्याची भावना, थकवा, विसराळूपणा ही त्याची लक्षणे आणि मधुमेहाने नसा बिघडल्याची लक्षणे बरीचशी सारखी असतात. त्यामुळे सगळे खापर साखरेवर फुटते आणि तपासणी राहून जाते. मासे-अंडी खाणाऱ्यांच्या शरीरात या जीवनसत्त्वाचा साठा काही काळ पुरतो. शाकाहाऱ्यांचा मुळातच तुटपुंजा असतो. आमच्या एका जुन्या गिऱ्हाईक बाई नऊ वर्षे ही गोळी घेत होत्या, पूर्ण शाकाहारी. त्यांच्या पायांच्या मुंग्यांवर वेगवेगळ्या गोळ्या झाल्या. शेवटी ब-१२ तपासले, ते फार कमी निघाले. इंजेक्शने सुरू झाल्यावर मुंग्या बऱ्याच कमी झाल्या, पूर्ण गेल्या नाहीत. उशीर झाला होता. रक्ताची ही साधी चाचणी अधूनमधून करून घ्यावी, आणि मेटफॉर्मिन न थांबवता जीवनसत्त्व पुरवता येते.

औषधांचे त्रास ऐकून माणूस चूर्णांकडे वळतो. कारले-जांभळाच्या बियांच्या पुड्या भाऊजींनीही दोन महिने घेतल्या होत्या, महामार्गावरच्या एका टपरीतून. 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा पुड्यांत ग्लिबेनक्लामाइडसारखी औषधे मिसळलेली आढळल्याची उदाहरणे अनेक देशांत नोंदली गेली आहेत. म्हणजे ज्या गोळीला भिऊन पळायचे, तीच मात्रा ठाऊक नसताना पोटात जायची. भाऊजींच्या पुडीत काय होते कोण जाणे, साखर मात्र हटली नव्हती. आमच्याकडे तपासली तेव्हा उपाशीपोटी २६८ आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा एचबीएवनसी ११.२.

दुसऱ्या दिवशी त्यांना डॉक्टरांकडे नेले. जखम साफ झाली, मलमपट्टी आणि प्रतिजैविके सुरू झाली. पायाच्या तळव्याला बारीक तार टोचून पाहिली, तर दहांपैकी सहा ठिकाणी त्यांना काही कळले नाही. ती बधिरता गोळीने आलेली नव्हती. अकरा दिवसांच्या गोळीने येत नाही. ती निदानाच्याही आधीपासून, न कळता वाढलेल्या साखरेने आलेली होती. हे ऐकल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वहिनी, मला वाटलं होतं गोळी घेतली म्हणून शरीर बिघडलं."

जोडगोळी काढून नुसते सावकाश विरघळणारे मेटफॉर्मिन ५०० रात्रीच्या जेवणानंतर सुरू झाले. जखम भरेपर्यंत थोडे इन्सुलिनही, कारण आकडे फार वर होते. पुढची मात्रा वाढवण्याची तारीख आणि कामरेजच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी सोबत दिली. पहिल्या आठवड्यात दोनदा फोन आला, पोट गुरगुरते म्हणून. जेवणाआधी घेता की नंतर, विचारले. आधी घेत होते. नंतर घ्यायला लागल्यावर तिसरा फोन आला नाही. जखम भरायला जानेवारी उजाडला. फेब्रुवारीत एचबीएवनसी ८.१ आला. तो अजून खाली यायला हवा. पण त्या गोळीचा तोच माणूस, एवढे लक्षात घेतले तर फार आहे.

औषधाचा एखादा त्रास नेहमीपेक्षा वेगळा किंवा गंभीर वाटला, तर तो नोंदवण्याची सोय रुग्णालाही आहे. औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगातून चालतो आणि त्याचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे. कामकाजाच्या दिवशी तो चालू असतो. पायोग्लिटाझोन या मधुमेहाच्या औषधावर २०१३ साली आपल्या सरकारने आधी स्थगिती आणली आणि सुमारे दीड महिन्यात इशाऱ्याची चौकट छापण्याच्या अटीवर ती उठवली. औषधांवर असे निर्णय घेताना नोंदी लागतात आणि नोंदी कोणीतरी केल्याशिवाय होत नाहीत. फोन करताना पट्टी हातात ठेवावी : औषधाचे नाव, मात्रा, कधी सुरू केले, त्रास कोणत्या दिवशी झाला, सोबत आणखी काय घेत होता. हेच पाच तपशील डॉक्टरांनाही हवे असतात आणि दुकानात माझ्यासारखीलाही.